आमच्या वर्गात पाच समीर होते

३ फेब्रुवारी

समीर,

मायना काय लिहावा यावरच अडलो होतो. 'प्रिय' लिहावं तर खोटं. 'चि.' लिहावं तर नातं मान्य केल्यासारखं होतं. 'श्रीयुत' लिहून पाहिलं, तर वीजबिलाची तक्रार करतोय असं वाटायला लागलं. शेवटी नुसतं नाव लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. हे नाव मी आजवर पत्राच्या तळाशी लिहीत आलोय. वर लिहायची ही पहिलीच वेळ.

परवा तुझा फोन मध्येच बंद झाला तो रागानं नव्हे. तू म्हणालास, "मी समीर बोलतोय." मी म्हणालो, "मीही समीरच बोलतोय." मला वाटलं, ओळखीतलं कुणीतरी थट्टा करतंय. मग तू आईचं नाव घेतलंस आणि भराभर सगळं सांगितलंस, पत्त्यासकट. मी ड्रायव्हिंग शिकवतो, हे तुला ठाऊक असेलच. तेव्हा शेजारी एक शिकाऊ बाई गाडी चालवत होत्या, आणि नेमका चौकात त्यांनी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो मी दाबला. त्या धक्क्यानं फोन सीटखाली गेला. पुन्हा लावता आला असता. लावला नाही, हेही खरं.

तुझं बोलणं मला जेवढं कळलं ते लिहितो, चुकत असेन तर सांग. तुझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. चार शब्द बोलता यायला लागल्यावर ती सारखी विचारायला लागली, "समीर आला का?" तू समोरच्याच खुर्चीत बसलेला. तू म्हणालास, "आई, मीच की." तर ती म्हणाली, "तू नाही रे. मोठा." तुला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय. तू मावशीला गाठलंस, आणि मावशीनं माझा पत्ता आणि फोन नंबर दिला.

आता माझं ऐक. माझी आई मी पहिलीत असताना घरातून गेली. ती मेली असं मला कधी कुणी सांगितलं नाही, आणि जिवंत आहे असंही नाही. घरात तो विषयच नव्हता. फोटो नाही, साडी नाही. मोठेपणी मीही विचारलं नाही. बाबांनी एकट्यानं मला वाढवलं, स्वयंपाक करून, डबे भरून. त्यांना तो प्रश्न विचारणं म्हणजे डब्यात मीठ कमी पडलंय म्हणून सांगण्यासारखं वाटायचं.

तेव्हा तुझी काहीतरी गल्लत होत असेल. या नावाची माणसं काय कमी आहेत? हल्ली माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांत एकही समीर नाही, त्यांची नावं मला धड उच्चारताही येत नाहीत. पण पोरांना सोडायला येणाऱ्या बापांमध्ये बघ, समीरच समीर. नाव पिढीबरोबर आलं आणि पिढीबरोबर टकलू झालं.

आणि गल्लत नसेल, तर एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. एका बाईनं दोन मुलांना एकच नाव का ठेवावं? कप फुटला की लोक दुकानात जाऊन तसलाच दुसरा आणतात, तसं काही असतं का हे?

घरी फोन करू नकोस. फोन बाबा उचलतात. परवा तू आधी घरी केला होतास, तो विमावाल्याचा होता असं मी त्यांना सांगितलंय. लिहायचं तर पत्र लिही. तू दातांच्या कवळ्या बनवतोस म्हणालास, म्हणजे हात स्थिर असणार.

समीर


१९ फेब्रुवारी

समीर,

तुझं पत्र मिळालं. हात स्थिर आहे, पण अक्षर अगदी डॉक्टरचं.

तू लिहितोस की तुलाही काही कळत नाही, आणि मी तुला टोमणा मारायला नको होता, कारण फुटलेल्या कपाच्या जागी आणलेला कप तू आहेस. त्या बाजूनं मी विचारच केला नव्हता.

मग मी बाबांना विचारलंच. संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, तेव्हा मान मागे टाकून बसतात. त्यांना तोंड फिरवता येत नाही. ती वेळ मी मुद्दाम निवडली.

"बाबा, माझं नाव कुणी ठेवलं?"

"मी."

"का ठेवलंत?"

"का म्हणजे? समीर म्हणजे वारा. चांगलं आहे नाव. शिवाय तेव्हा सगळेच ठेवत होते."

"आईनं नाही ठेवलं?"

त्यांनी डोळा मिटला आणि थेंब गालावरून कानात गेला.

"थेंब नीट घाल," म्हणाले. "महाग आहे ते औषध."

मग तू दिलेल्या नंबरवर मी मावशीला फोन केला. तिला मी शेवटचं कधी पाहिलं तेही आठवत नाही. पण 'समीर बोलतोय' म्हणताच ती म्हणाली, "बुटक्या का रे तू?" आणि फोनवरच रडायला लागली. शाळेत मला बुटक्या म्हणायचे. ते नाव घरातून शाळेत गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मावशीचं म्हणणं अगदी उलट. माझं नाव आईनं ठेवलं, बाबांना तर काहीतरी लांबलचक हवं होतं, चार जोडाक्षरांचं. आई-बाबा तेव्हा दोन खोल्यांत राहायचे. बाबा सरकारी छापखान्यात, कायम दुसऱ्या पाळीला, संध्याकाळी घरात कधीच नसायचे. समोरच्या घरात एक बाई राहायच्या, त्यांची भाषा वेगळी. दोघी आपापल्या दारात बसून मोडकंतोडकं बोलायच्या. त्या बाईंच्या भावाचं नाव समीर होतं. आई म्हणाली, आमच्यात समीर म्हणजे वारा. त्या म्हणाल्या, छे, आमच्यात समीर म्हणजे संध्याकाळी गप्पा मारायला सोबत करणारा माणूस. आईच्या पोटात तेव्हा मी. ती मावशीला म्हणाली, "बघ, मला असाच एक हवा आहे." झालं, नाव ठरलं.

मला हे पटेना. मी आमच्या वाचनालयात जाऊन दोन्ही शब्दकोश काढून बघितले. दोन्ही अर्थ खरे आहेत. आपल्याकडचा समीर जुन्या काव्यांतला, फुलांचा वास घेऊन येणारा मंद वारा. दुसरा पार वेगळ्या भाषेतला. ग्रंथपालबाईंना विचारलं, यातला मूळचा कुठला? त्या म्हणाल्या, "दोन्ही मूळचेच. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. योगायोगानं सारखे झालेत."

म्हणजे मी वारा आहे की गप्पा मारणारा, हेही आता मला नक्की सांगता येत नाही. बायको म्हणते, दोन्ही नाहीस, तू संध्याकाळी पेपर तोंडावर घेऊन झोपतोस.

बाबा मात्र एक खरं बोलले, तेव्हा सगळेच ठेवत होते. आमच्या वर्गात पाच समीर होते. शिक्षक हजेरी घेताना 'समीर' म्हणाले की पाच जण "हजर" म्हणायचे आणि वर्ग हसायचा. म्हणून आम्हांला टोपणनावं पडली. लंबू, गोरा, चष्मा, मी बुटक्या, आणि पाचव्याला नुसतंच पाचवा. शाळेत समीर हे नाव कुणी मला लावलंच नाही. नाव होतं, पण वापरात नव्हतं.

आणि तुझं? तुझ्या वेळेपर्यंत ही लाट ओसरली असेल ना? मग तुझं का ठेवलं?

मी तिकडे येणार नाही. आलो तर बोलणार काय? तिला माझं म्हणून सांगावं असं काही माझ्याकडे आहे का, तेच मी शोधतोय.

समीर


८ मार्च

समीर,

तुझ्यापासून लपवायचं ठरवलं होतं, पण वॉर्डातली ती पाणीवाली मुलगी तुला सांगेलच, म्हणून मीच लिहितो. मी येऊन गेलो. मंगळवारी. तू कवळ्यांच्या प्रयोगशाळेत असतोस ती वेळ बघून आलो.

बाबांना सांगितलं, गाडीचे कागद करायला जातोय. बसमध्ये बसलो तरी मनात होतं की मधल्याच थांब्यावर उतरावं आणि परतीची गाडी धरावी.

वॉर्डाच्या दारात त्या मुलीनं विचारलं, "कोण तुम्ही?"

मी म्हणालो, "समीर."

"समीर तर मघाशीच येऊन गेले," ती म्हणाली, आणि असं बघायला लागली जणू मी दुसऱ्याचं तिकीट दाखवून आत शिरतोय. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "मी गाडीवाला. त्यांनीच पाठवलंय. आजींना घरी कधी न्यायचं ते विचारायला." तसं पाहिलं तर गाडीवाला मी आहेच.

ती खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तोंड जरा वाकडं. मला वाटलं होतं बघताच काहीतरी होईल, आतून. काहीच झालं नाही. एक म्हातारी बाई, केस कुणीतरी घाईत विंचरलेले. मी तिच्या चेहऱ्यात माझं नाक शोधत होतो आणि मला तुझं सापडलं. म्हणजे तुझं असेल असं समजतो, तुला तरी मी कुठे पाहिलंय.

"गाडीवाले का?" ती म्हणाली. "बसा. घाई आहे का?"

"नाही," म्हणालो.

"मग बसा. इथे सगळ्यांना घाई असते."

आणि ती बोलायला लागली. शब्द जरा घसरतात, पण कळतं सगळं. आधी तुझ्याबद्दल. बाळ फार करतो माझं, म्हणाली. मग म्हणाली, "माझा मोठा यायचाय. त्याला कळवलंय म्हणे. पण तो यायचा नाही."

"का नाही येणार?"

"रागावलाय. लहानपणीच रागावलाय तो. मी शाळेत गेले होते ना त्याला भेटायला."

मी म्हणालो, "कधी?"

तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. तिचे वडील आजारी होते म्हणून ती माहेरी गेली होती. महिन्या-दीड महिन्यानं परत आली तर घराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप. बाबांनी बदली करून घेतली होती आणि पत्ता कुणालाच दिला नव्हता. तिला आम्ही सापडेपर्यंत मी चौथीत गेलो होतो. घरी यायची तिची हिंमत झाली नाही, म्हणून ती शाळेत आली. शिपायाला म्हणाली, चौथीतल्या समीरला बोलवा. शिपायानं विचारलं, कुठला समीर? ती म्हणाली, समीर हो, चौथीतला. शिपाई आत गेला आणि एका मुलाला घेऊन आला.

"किती उंच झाला होता!" ती मला म्हणाली. "मी ओळखलंच नसतं. घरी सगळे त्याला बुटका म्हणायचे, आणि हा माझ्या खांद्याला लागत होता. मी जवळ घेतलं तर अंग चोरून उभा राहिला. रंगपेटी नेली होती, ती दिली. ती घेतली त्यानं. मग मला म्हणाला, 'तुम्ही कोण?' मी म्हणाले, 'अरे, आई.' तर म्हणाला, 'माझी आई घरी आहे.' आणि पळून गेला. बरोबरच आहे. कुणीतरी तसंच शिकवलं असणार. मुलाला दोष नाही. पण मग मी पुन्हा नाही गेले. कशाला जायचं?"

समीर, तो लंबू होता.

मला तो दिवस आठवतो. लंबू नवी कोरी रंगपेटी घेऊन वर्गात आला आणि म्हणाला, बाहेर एक वेडी बाई आलीये, तिनं मला मिठी मारली आणि हे दिलं. सगळे खिडकीकडे धावले. मीही धावलो होतो. पण पुढे उंच मुलं होती, मला काही दिसलं नाही.

मी तिथे त्या स्टुलाची कड धरून बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्हांला बरं नाही का? पाणी घ्या." तिनं उजव्या हातानं स्वतःच्या भांड्यातलं पाणी मला दिलं. मी प्यालो आणि निघालो. काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक 'गाडी सांगून ठेवतो' असं काहीतरी.

निघताना मी तुझ्या नावाचंही विचारलं. दारातून, सहज विचारल्यासारखं. धाकट्यालाही तेच नाव कसं हो? ती म्हणाली, "त्याच्या वडिलांनी ठेवलं. त्यांच्या साहेबांच्या मुलाचं होतं, त्यांना फार आवडायचं. मी नको कशी म्हणणार? कारण विचारलं असतं. त्यांना मोठ्याचं ठाऊकच नव्हतं. पहिले कितीतरी महिने माझ्या तोंडून हाकच निघेना. म्हणून बाळ म्हणायला लागले, ते आजतागायत."

हे तुला लिहावं की नाही, कळत नव्हतं. लिहिलं.

समीर


१७ मार्च

समीर,

तुझं पत्र वाचलं. रागाव, तुझा हक्क आहे. आईसमोर गाडीवाला बनून बसणं हे चोरासारखं वागणं झालं, हे मान्य. पण "तू तिच्याकडून उत्तर काढून घेतलंस आणि मला प्रश्न दिलास," हे मला नीट समजलं नाही. मला कुठलं उत्तर मिळालं?

तू लिहितोस, तुझे वडील जाईपर्यंत सांगत होते की त्यांना दुसरं नाव हवं होतं, पण आई हटून बसली, समीरच ठेवायचं म्हणाली, दोन दिवस जेवली नाही. म्हणजे बघ. माझ्या वेळी बाबा म्हणतात मी ठेवलं, मावशी म्हणते आईनं. तुझ्या वेळी आई म्हणते वडिलांनी, वडील म्हणतात आईनं. दोन पोरं, एक नाव, आणि जबाबदारी घ्यायला कुणी तयार नाही. किंवा सगळेच तयार आहेत. मी तीन-चार वेळा कागदावर मांडून पाहिलं. माझ्याच्यानं सुटत नाही.

तू विचारतोस, "ती मला बाळ म्हणते, कारण समीर हे नाव तिनं तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं का?" मला ठाऊक नाही रे. खरंच ठाऊक नाही. पण तिनं पलंगावर बसून पहिलं बोलणं काढलं ते तुझं काढलं. माझं नंतर.

आता इकडचं सांगतो. बाबांना मी सगळं सांगितलं. थेंबांची वाट बघितली नाही, सरळ जेवताना बोललो. ते घास तसाच हातात धरून बसले.

"बदली मागून घेतली होती तुम्ही?"

"घेतली होती."

"पत्ता का नाही ठेवलात?"

मग म्हणाले, "मला वाटलं होतं, ती शोधेल. शोधून आली, तर घरात घ्यायचं असं मी ठरवलं होतं."

"शोधलं तिनं."

"मग आली का नाही?"

समीर, मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. या माणसावर ओरडायचं असं ठरवून मी बसलो होतो. त्यांना ऐंशी वर्षं होतील आता, सदऱ्याचं वरचं बटण मी लावतो. आणि ते खरोखर विचारत होते. लहान मूल विचारतं तसं. इतकी वर्षं ते दार वाजायची वाट बघत होते, की आत्ता मला बघून ही गोष्ट त्यांनी जुळवली, हे मी कसं ओळखायचं?

मी म्हणालो, "तिला दुसराच मुलगा दाखवला." आणि शाळेतलं सांगितलं. त्यांनी उठून हात धुतला. मग न्हाणीघरातूनच विचारलं, "बोलता येतं का तिला?"

"येतं," म्हणालो.

"मग झालं," म्हणाले. यात काय झालं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझं मत आहे की तिला खरं सांगावं. बायकोचं मत आहे की अजिबात सांगू नये. ती म्हणते, त्या माउलीनं एकदा तरी आपल्या पोराला जवळ घेतलं असं ती समजते आहे, तेवढं एक तिच्याकडे आहे आणि तेही तुम्ही काढून घेणार. मी म्हणतो, पण त्या पोरानंच तिला झिडकारलं असंही ती समजते आहे. बायको म्हणते, झिडकारलेलं का असेना, तिचं होतं. लंबूला जवळ घेतलं हे कळलं तर काय उरेल?

दोघांचंही बरोबर वाटतं. शिकाऊ माणसाला मी सांगतो, चौकात शंका आली तर थांबा, शिवीगाळ झाली तरी चालेल. पण हा चौक असा आहे की थांबून राहिलो तर उद्या ती असेलच असं नाही.

शनिवारी येतो. या वेळी तुला सांगून. तू मला स्टँडवर घ्यायला ये. मला ओळखायची काळजी करू नकोस, मी बुटका आहे.

समीर


२ एप्रिल

प्रिय समीर,

परत आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. त्या दिवशी तू मला दारापर्यंत सोडलंस आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसलास. मी 'चल ना आत' म्हटलं, तर तू म्हणालास, "आज तुझं बघ." बाहेर आल्यावर मला बोलता आलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. नुसता चहा पाजलास. म्हणून आत काय झालं ते आता सांगतो.

मला बघून ती म्हणाली, "गाडीवाले, आज घेऊन जाणार का घरी?"

मी स्टूल ओढलं. सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, आधी हे, मग ते. ते सगळं हवेत गेलं. मी म्हणालो, "आई, मी समीर."

तिनं आधी दाराकडे बघितलं, तू आहेस का म्हणून. मग माझ्याकडे. मग पुन्हा दाराकडे. मग म्हणाली, "अरे, पण तू तर उंच होतास."

मी तिथंच अडलो असतो. पण हे तिनंच म्हटल्यावर मला सांगावंच लागलं. म्हणालो, "मी कधीच उंच नव्हतो. शाळेत तू भेटलीस तो मी नाही. आमच्या वर्गात पाच समीर होते. शिपाई चुकीचा घेऊन आला."

तिला कळलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं. तिनं हात वर केला, गप्प बस म्हणून. तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

ती म्हणाली, "मग तो मुलगा कोण?"

"त्याला लंबू म्हणायचो आम्ही."

"म्हणजे त्याची आई खरंच घरी होती."

"हो."

ती हसली. वाकड्या तोंडानं, एकाच बाजूनं, पण हसली. म्हणाली, "बिचारा. केवढा घाबरला असेल!" आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "आणि तू? तू कुठे होतास तेव्हा?"

"वर्गात."

"आत?"

"आतच. बाकावर."

"आत होतास," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा म्हणाली, "आत होतास तू." तिची नजर कुठे होती सांगता येणार नाही, पण वॉर्डात नव्हती. त्या शाळेच्या दारात ती पुन्हा उभी होती, शिपायाला आणखी एकदा विचारत होती, आणि मी पलंगाशी बसून काहीही करू शकत नव्हतो. बायको म्हणत होती ते खरं होतं, असंच मला त्या क्षणी वाटलं. मी तिच्याकडचं तेवढंही काढून घेतलं.

मग तिनं विचारलं, "म्हणजे रंग तुला मिळालेच नाहीत?"

समीर, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. त्या पेटीला लंबूनं कुणाला हातही लावू दिला नव्हता. वर्ष संपेपर्यंत ती पेटी दप्तरातून बाहेर काढली, की तो तिच्यावर कोपर ठेवून बसायचा.

मी म्हणालो, "मिळाला की. त्याच्याकडे निळे दोन होते, एक त्यानं मला दिला. संपेपर्यंत वापरला मी."

"काय काढलंस?"

"आभाळ," म्हणालो. "बरंच. कागदभर."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पण हात चाचपडत माझ्याकडे आला, उजवा, चालणारा. माझ्या डोक्यावर ठेवला, आणि जरा खाली नेला, कानापर्यंत, आणि मापं घेतल्यासारखी थांबली. म्हणाली, "हं. एवढाच होतास तू."

मी बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आभाळ कशाला सांगितलंस? समुद्र सांगायचास, निळा जास्त लागतो." पुढच्या महिन्यात मी त्यांना तिकडे घेऊन येतोय. ती भेटेल की नाही, तिला विचारून ठेव. नाही म्हणाली तर आम्ही खालच्या खालीच परत फिरू, तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

आणि हे महत्त्वाचं. तिनं तुझ्यापाशी तो विषय काढला, तर निळा रंग होता, दोनांपैकी एक, आणि मी आभाळ काढलं होतं. नीट लक्षात ठेव. दोघांनी वेगवेगळं सांगायला नको.

तुझा,
समीर